पंधरा कोयते

माणसं गोळा करणं हा माझा धंदा. मंडपवाला मंडप देतो, आचारी जेवण देतो, तसा मी गर्दी देतो. बीड जिल्ह्यात कुठंही शूटिंग लागलं आणि त्यांना बाजार पाहिजे, लग्न पाहिजे, मयत पाहिजे, की फोन मला येतो. "दत्तूमामा, उद्या सकाळी साठ माणसं. म्हातारी जास्त." मग मी चपला घालून निघालोच. ह्या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा" म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, साहेब, गमती बघणाऱ्याला वाटतात, आमचे गुडघे गेले. ते म्हणाले, गुडघ्यांचंही लिहा. म्हणून बसलोय लिहायला.

बाहेरच्याला वाटतं, गर्दी काय, उभी केली की झाली. तसं नसतं बाबा. गर्दीला सगळ्यात अवघड काम असतं ते काहीच न करण्याचं. नुसतं चालत जा म्हटलं की आपला माणूस चालायचंच विसरतो. कॅमेऱ्याकडं बघू नका म्हटलं की सगळ्यांच्या माना तिकडंच. नेकनूरला आठवडी बाजाराचा सीन होता, बायकांना सांगितलं रोजच्या लुगड्यात या, तर एकजात लग्नातले शालू नेसून कांदे विकायला बसल्या. आणि आज जे कपडे, जे तोंड, तेच उद्या पाहिजे असतं. त्याच बाजारातला एक गडी मेव्हण्याच्या साखरपुड्याला म्हणून मिशी काढून आला. आदल्या दिवशी तो मिशीसकट वांगी घेत होता. त्याला मी दिवसभर डोक्यावर पाटी देऊन पाठमोरा फिरवला.

शूटिंग काही बारमाही नसतं. मधल्या काळात मी पुढाऱ्यांच्या सभांना माणसं न्यायचो. माणसं तीच, टेम्पो तोच. एकदा घाटनांदूरकडं लग्नाचा सीन लागला. दिग्दर्शक म्हणाला, वरात आली, आता जोरात ओरडा. आमची मंडळी आदल्याच दिवशी सभा करून आलेली. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि दोनशे माणसांनी एका दमात एका पुढाऱ्याचं नाव घेऊन 'आगे बढो' म्हटलं. घोडं बिथरलं ते बिथरलं, नवरदेवही बिथरला.

मयतीच्या सीनला मात्र हसायचं काम नसतं. एकदा बायकांना रडायला सांगितलं, त्या रडायला लागल्या, आणि कट म्हटल्यावर थांबेनात. प्रेत म्हणून झोपलेला माणूस उठून बसला, त्यानं हात जोडले, तरी थांबेनात. प्रत्येकीला आपापलं कुणीतरी आठवलं होतं. युनिटवाले घड्याळाकडं बघायला लागले. मी त्यांना म्हणालो, चहा ठेवा, होईल ते आपोआप. त्या बायांच्या मधी मी पण बसून राहिलो.

आता ह्या धंद्यात फारसं राहिलं नाही. पन्नास माणसं उभी करतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची पाच हजार करतात. पन्नासाला कशाला पाहिजे दत्तूमामा. मला त्याचं वाईट वाटतं म्हणावं तर तसंही नाही. घसा बसलाय, गुडघे बोलतात, आणि हजारो माणसांना "इकडं नका बघू" सांगून सांगून मला आता कुणाकडं बघायचाच कंटाळा येतो. पण त्या गर्दीतली एक जोडी डोक्यातून जात नाही. तेवढी सांगतो आणि थांबतो.

शिरूर कासारच्या बाजूला एका गावात पिक्चरचं शूटिंग लागलं होतं. हसतखेळत प्रेमाचा मामला. गावाकडचा एक पोरगा असतो, त्याला नट व्हायचं असतं, मुंबईत त्याला कुणी दारात उभं करत नाही, आणि इकडं शाळेतल्या बाईंवर त्याचा जीव जडलेला. त्यानं बाईंना थाप मारलेली असते की आपल्याला लई मोठं काम मिळालंय. मग ती थाप निभवायला एकेक भानगडी. हिरो शहरातला होता, देखणा होता, स्वभावानं गरीब होता. आमच्यासारखं "न्हाई" म्हणायला शिकायलाच त्याला दोन दिवस लागले.

त्याच गावात सुदाम राहायचा. सुदाम म्हणजे खराखुरा, मुंबईत नट व्हायला गेलेला गडी. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, बायको कौसा ऊसतोडीला जाणारी, आणि हा कितीतरी वर्षं मुंबईत. मालिकेत हवालदार झाला, पानवाला झाला, आणि बाकी बहुतेक वेळा प्रेत. "मामा, मेलेल्या मानसात माझं नाव हाय तिकडं. श्वास लई येळ धरतो म्हनून बोलावून नेत्यात," असं मला सांगायचा, आणि त्यात त्याला काही हसण्यासारखं वाटायचं नाही. तो पावसाळ्यात गावी आलेला, आणि पिक्चरची गोष्ट ऐकून माझ्याकडं पळत आला.

"मामा, ह्यो तर माझाच पिक्चर हाय! फकस्त मी त्यात न्हाई."

"मग घे की घुसून. गर्दीत उभा करतो."

"गर्दी नगं. एक वाक्य पायजे मामा. एकच. तोंड दिसलं पायजे आन् वाक्य पायजे."

मी म्हटलं, बाबा, मी गर्दी देतो, वाक्यं देत नाही. तेव्हा त्यानं खरी गोष्ट सांगितली. कौसाशी त्याची बोली झाली होती. ह्या पिक्चरमध्ये वाक्य मिळालं तर तो परत मुंबईला जाणार आणि तिनं तोंडातून शब्द काढायचा नाही. नाही मिळालं तर नटपणा सोडून दसरा झाला की तिच्याबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्यावर जाणार.

आता इथं कोयता म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोयता हे ऊस तोडायचं हत्यार, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडं मुकादम टोळी बांधताना 'कोयते किती' असं विचारतो, तेव्हा त्याला हत्यारं मोजायची नसतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, तो उचलून तिच्या डोक्यावर देतो, ती गाडीपर्यंत नेते. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा. कौसा दर साल अर्धा कोयता म्हणून जायची. लग्न झालेली, नवरा धडधाकट, आणि मुकादम सगळ्यांदेखत म्हणायचा, "कौसा, अर्धा." तो शब्द तिला किती झोंबायचा, ते तिच्या आसपासच्या बायांना ठाऊक होतं.

तर शूटिंग चालू असताना एका संध्याकाळी त्यांच्या असिस्टंट पोरीचा फोन आला. मुंबईची पोर, गुणी, मला मामाजी म्हणायची.

"मामाजी, उद्या सकाळी पंधरा कोयते लागतील."

मी विचारलं, "कसले पाहिजेत?"

"जुने. वापरलेले. नवे अजिबात नकोत."

मी म्हटलं बरोबर आहे, नवी जोडपी लाजतात.

"थोडे गंजलेले असले तर उत्तम. आणि मामाजी, धार नको हं. सेटवर कुणाला लागायला नको."

गंजलेले म्हणजे कंबर-गुडघे गेलेले आणि धार नको म्हणजे भांडकुदळ नकोत, असा मी अर्थ लावला. मनात म्हटलं, पोर मुंबईची असून काय नेमकं बोलते! आपली भाषा किती लवकर शिकली. कौतुकानं मला रात्री झोप चांगली लागली.

सकाळी उजाडायच्या आत मी घरोघर फिरलो. चौदा जोडपी काढली, एकाहून एक गरीब, एकाहून एक गंजलेलं. पंधरावं जोडपं मुलीची सोयरीक बघायला गेलेलं. टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि समोर सुदाम नवा शर्ट घालून, तोंडाला पावडर लावून उभा.

"मामा, आमी हावोत की!"

कौसाच्या जिभेला जी धार होती ती साऱ्या तालुक्याला ठाऊक. मला स्पष्ट सांगितलं होतं, धार नको. पण आकडा भरत नव्हता. मी कौसाला म्हटलं, "बाई, तिथं तोंड उघडू नको." ती म्हणाली, "मी कशाला उघडू? ज्याला उघडायचं हाय त्यो पावडर लावून हुबा हाय."

सेटवर पोचलो. तीस माणसं उतरवली, जोडीनं रांगेत उभी केली. असिस्टंट पोर आली, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मामाजी, कोयते कुठायत?"

"हे काय, समोर उभे हायत. मोजून घ्या. पंधरा."

तिनं परत बघितलं. एकाच्याही हातात काही नव्हतं. गाण्यात नाचणाऱ्यांच्या हातात द्यायला हत्यारं पाहिजे होती हो! मला ते समजलं तेव्हा कुठं तोंड लपवू असं झालं. जुने, गंजलेले, धार नसलेले... सगळ्याचा डोक्यात उजेड पडला. आमच्या पंधरा जोडप्यांना काय झालं तेही कळेना. पण पोर हसायला लागली, मग लाइटवाले हसायला लागले, आणि आवाज ऐकून दिग्दर्शक बाहेर आला. तरणा माणूस, डोळ्यांखाली काळं, कधीचा झोपला नसेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसला, मग हसायचा थांबला, आणि म्हणाला, "कोयता म्हणजे जोडपं? खरंच?" मी म्हटलं, खरंच. तो म्हणाला, "थांबवा ह्यांना. ह्यांचं काहीतरी करू."

त्याच्या गोष्टीत हिरोला काम मिळाल्याची थाप गावभर होते, असा एक सीन होता. त्यात जोडपी दारात बसून बोलतायत असं दाखवायचं त्यानं ठरवलं. सांगितलं, "तुम्ही नवरा-बायको घरात जसं बोलता, तसंच बोला. विषय एवढाच की गावातला माणूस मुंबईत नट झालाय."

झालं! सगळे मुके. चार माणसांत नवऱ्याशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? एकीनं पदर तोंडात कोंबला. एका जोडप्यानं एकमेकांना नमस्कार केला. एक म्हातारा बायकोला म्हणाला, "बरं हाय का?" आणि ती म्हणाली, "बरं हाय." तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना हे पहिल्यांदाच विचारलं असेल.

मग सुदाम पुढं झाला. त्यानं छाती काढली, हात पसरले आणि नाटकातल्या राजासारखा ओरडला, "कौसल्ये! मी आलोय!"

कौसा बसल्या जागी म्हणाली, "आला तर बसा की. वरडताव कावून?"

सगळं युनिट हसलं. दिग्दर्शक म्हणाला, परत. सुदामला वाटलं आपलंच कौतुक झालं. परत केलं तेव्हा त्यानं वर गुडघाही टेकला, डोळ्यांत पाणीही आणलं. आणि तिथं कौसाचा बांध फुटला.

"कुनाला दाखिवताव हे पानी? फडात मोळी बांधून हुबी ऱ्हाते मी. डोक्यावर द्यायला कोन? रोज दुसरीच्या नवऱ्याला म्हनावं लागतंय, दाजी, जरा हात लावा. हात लावतील, पर त्येंची बायको माझ्याकडं कसं बघती ते माझं मला ठाऊक. आन् ह्यो मानूस तिकडं मुंबईत मरून पडायचं शिकतोय!"

आधी हसणारे होते ते गप झाले. मी मनात म्हटलं, दत्तू, ह्याला म्हणतात धार. आता आपलं इथलं काम संपलं. पण दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "बाई, हेच परत बोलाल? अगदी हेच. कॅमेरा जवळ आणतो."

कॅमेरा कौसाच्या तोंडाकडं वळला. तिच्यासमोर कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून सुदामला तिच्यासमोर, कॅमेऱ्याकडं पाठ करून उभं केलं.

"सर, माझं तोंड?" सुदामनं विचारलं.

"तुमची पाठ दिसेल. खांदा आणि पाठ. बोलायचं काही नाही."

सुदामनं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं आरशापुढं उभं राहून त्यानं तोंडाचीच तयारी केली होती. मी दुसरीकडं बघितलं, काय करणार! त्यानं शर्टाच्या बाहीनं पावडर पुसली आणि पाठ केली.

कौसा परत बोलली. शब्द थोडे इकडंतिकडं, पण राग तोच. बोलून संपलं, कॅमेरा चालूच होता. आणि तेव्हा सुदाम बोलला. हात पसरले नाहीत, आवाज चढवला नाही. दारात चपला काढताना माणूस बोलतो तसा बोलला.

"यंदा मी येतो."

त्यानंतर कौसाच्या तोंडावर जे झालं ते मी तिथं दहा हातांवर उभं राहून बघितलंय. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. मग हसू आलं, मग ते हसू तिला आवरेना आणि डोळेही आवरेनात. "खोटारडा!" म्हणून तिनं मान फिरवली. कट म्हणायला त्या दिग्दर्शकानं फार वेळ लावला. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं वाईट नट समजत होतो, तो त्या एका वाक्यापुरता इतका चांगला होता की माझ्या अंगावर काटा आला.

घरी जाताना टेम्पोत कौसा माझ्याजवळ येऊन बसली.

"मामा, त्यो खरं बोलला का आक्टिंग केली?"

"मला काय ठाऊक बाई. त्यालाच इचार."

"त्याला कसं इचारू? त्यो आक्टर हाय."

आता बघा पेच कसा पडला. सुदामला वाक्य मिळालं होतं. बोलीप्रमाणं तो मुंबईला जायला मोकळा. पण मिळालेलं वाक्यच असं होतं की ते खरं असेल तर त्यानं ट्रकमध्ये बसायला पाहिजे. तो काही बोलेना. कौसा काही विचारेना. नवरात्र बसलं. जायचं सामान बांधायला काढलं तेव्हा ती एक ताट आत ठेवायची की दोन, यावर अडायची, असं तिची शेजारीण मला सांगत होती.

टोळी निघायला दोन दिवस राहिले आणि मला फोन आला. असिस्टंटचा नाही, खुद्द दिग्दर्शकाचा.

"मामा, तो पाठमोरा माणूस. सुदाम. त्या एका वाक्यावर आम्ही सगळे अडकलोय. माझ्या पुढच्या पिक्चरमध्ये हिरोच्या भावाचं काम आहे. चांगलं मोठं काम. सोमवारपर्यंत मुंबईत पाठवा त्याला."

एवढी माणसं नेली मी आयुष्यात, पण माझ्या गर्दीतून नाव घेऊन कुणाला बोलावणं आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की गुडघे विसरून मोटारसायकल काढली. सुदामच्या दारात उतरलो तर तो अंगणात कोयत्याला धार लावत बसलेला, कौसा चुलीपाशी. मी तिथंच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

सुदामचा हात थांबला. कौसानं भाकरी उलटली, आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "जावा. बोली झालती. वाक्य मिळालंय तुमाला."

"मिळालं. काय हुतं ते वाक्य?"

तिनं चुलीत लाकूड सारलं.

"सांग की. समद्या युनिटनं ऐकलंय."

"यंदा मी येतो," कौसा म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

"मंग?" सुदाम म्हणाला, आणि परत धार लावायला लागला.

मी त्याला लई समजावलं. अरे, हेच तर मागत होतास. पुढच्या साली कोण विचारणार तुला? तिकडं रांग लागलेली असते बाबा. कौसानंही एकदा म्हटलं, "मामा म्हनत्यात ते खरं हाय." सुदाम अंगठ्यानं धार बघत म्हणाला, "मामा, त्यान्ला सांगा, अर्धा कोयता मिळत न्हाई."

मी रस्त्यावर येऊन फोन लावला आणि तेच शब्द सांगितले. पलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे?" मी म्हटलं, कोयता म्हणजे काय ते तुम्हाला त्या दिवशी सांगितलंय. ते त्याला आठवलं. मग म्हणाला, "बरं मामा. दुसरं बघतो." त्याला मी दोष देत नाही. त्यालाही पिक्चर पुरा करायचा होता.

पिक्चर पुढं लागला तेव्हा ती दोघं कारखान्यावर होती. मी बीडला थेटरात एकटा जाऊन बघितला. हिरो भला वागला, बाई त्याला मिळाल्या, शेवटी दोघं हसत हसत मुंबईच्या गाडीत बसतात. कौसा बोलायला लागली तेव्हा लोक खुर्च्यांत उड्या मारून हसले. मग ती पाठ आली, ते वाक्य आलं, आणि थेटर गप झालं. शेजारच्या माणसानं मला विचारलं, "ह्यो पाठवाला कोन हाय हो?" मी म्हटलं, "नट हाय." दुसरं काय सांगणार होतो? मला सुदामचं वाईट वाटतं, आजही वाटतं. आणि त्यानं चुकीचं केलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

टोळी निघाली त्या सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. माझं तिथं काही काम नव्हतं. ट्रकमध्ये भांडी, वळकट्या, शेळ्या, माणसं. मुकादम खाली उभा राहून मोजत होता. आधीच वर चढलेल्या कौसापाशी आला आणि सवयीनं म्हणाला, "कौसा, अर्धा."

"एक," ती म्हणाली.

"काय?"

"एक म्हनलं की! कानात बोळे घातल्यात का?"

ट्रकमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. खाली सुदाम सामानाचं मोठं बोचकं घेऊन उभा होता. कौसा फाळक्यावरून खाली वाकली, दोन्ही हात पुढं केले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपल्याच नवऱ्याला म्हणाली, "दाजी, जरा हात लावा!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सुदाम हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता, आणि बोचकं उचलून तिच्या हातात देत होता.